एकाच छोट्या एसएसडीवर विंडोज आणि उबुंटू आलटून-पालटून: डिस्क इमेजने हे कसं जमवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: लॅपटॉपमध्ये २५६ जीबीची एकच एम.२ एसएसडी आहे, दुसरी बसवायला जागा नाही. महिन्यातले काही दिवस टॅली, जीएसटी रिटर्न आणि डीएससी (डिजिटल सही) टोकनसाठी विंडोज ११ लागतं. उरलेले दिवस उबुंटूवर प्रोग्रॅमिंग चालतं. ड्युअल बूट केलं, म्हणजे डिस्क विभागून दोन्ही सिस्टिम एकाच वेळी ठेवल्या, तर दोघांनाही जागा अपुरी पडते. मग दोन्ही सिस्टिमच्या इमेज बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवून, जी हवी ती लॅपटॉपवर उतरवता येईल का?

येईल, आणि नीट मांडणी केली तर एका अदलाबदलीला अर्ध्या तासाच्या आत काम होतं. पण एक गोष्ट आधी पक्की डोक्यात ठेवा. इमेज म्हणजे ती काढली त्या क्षणाच्या सिस्टिमची हुबेहूब प्रत. सोमवारी काढलेली विंडोजची इमेज शुक्रवारी उतरवली, की मंगळवार ते शुक्रवार सी ड्राइव्हवर जे काही लिहिलं गेलं ते सगळं गेलं. व्हाउचर, डाउनलोड केलेली चलनं, डेस्कटॉपवरच्या एक्सेल फाइल, सगळं. या पद्धतीत नुकसान होतं ते बहुतेक वेळा इमेज खराब निघाल्यामुळे नाही, तर चांगली पण जुनी इमेज बिनचूक उतरवल्यामुळे. म्हणून पहिला नियम: इमेज सिस्टिमची काढायची, डेटाची नाही. डेटा अशा पार्टिशनवर हवा ज्याला अदलाबदलीत हात लागत नाही.

आठवड्यातून दोन-तीनपेक्षा जास्त वेळा अदलाबदल करावी लागणार असेल तर हा खटाटोप करू नका. यूएसबी ३ च्या केसमध्ये एक साधी साटा एसएसडी घाला, उबुंटू तिच्यावर टाका आणि तिथूनच बूट करा. खालचं सगळं त्यांच्यासाठी, ज्यांची अदलाबदल महिन्यातून चार-सहा वेळा होते.

डिस्कची मांडणी

बरेच जण अख्ख्या डिस्कची इमेज काढतात आणि अख्खी डिस्क उतरवतात. चालतं, पण त्यात डेटाचं पार्टिशनही पुसलं जातं. त्यापेक्षा डिस्कवर एकच 'खण' राखून ठेवायचा आणि फक्त त्यातली सिस्टिम बदलायची.

२५६ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये साधारण २३८ जीबी दिसते. विंडोज ११ नव्याने टाकताना पूर्ण डिस्क देऊ नका. सेटअपमध्ये आधीची सगळी पार्टिशनं काढून (अर्थात बॅकअप घेऊन) १३० जीबीचं एकच नवं पार्टिशन करा. विंडोज स्वतःहून त्याच्या आधी १०० एमबीचं ईएफआय (बूट फाइलचं पार्टिशन) आणि १६ एमबीचं एमएसआर (विंडोजने स्वतःसाठी राखलेलं) बनवतं, आणि रिकव्हरीचं पार्टिशन बहुधा मागे बसतं. म्हणजे पहिलं ईएफआय, दुसरं एमएसआर, तिसरं सी ड्राइव्ह, चौथं रिकव्हरी. उरलेल्या शंभरेक जीबीचं पाचवं पार्टिशन एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करून त्याला डी ड्राइव्ह म्हणा. तिसरं पार्टिशन हा आपला खण. डिस्क मॅनेजमेंट उघडून क्रम आणि आकार कागदावर लिहून ठेवा. पुढे काळ्या स्क्रीनवर हाच कागद कामाला येतो.

मग टॅलीची डेटा पाथ डी ड्राइव्हवर वळवा. टॅलीप्राइमचा डेटा मुळात सी ड्राइव्हच्या पब्लिक फोल्डरमध्ये जातो, आणि नेमका तोच इमेजसोबत मागे जाईल. डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि डेस्कटॉप हे फोल्डरही प्रॉपर्टीजमधल्या लोकेशन टॅबमधून डीवर हलवा. आउटलुकची पीएसटी (साठवलेल्या ईमेलची) फाइल राहून जाते, तीही बघा.

वनड्राइव्ह किंवा तत्सम सिंक वापरत असाल तर इमेज काढण्याआधी ते थांबवा, आणि इमेज उतरवल्यावर स्थिती तपासूनच सुरू करा. लॅपटॉपवरच्या सिंक प्रोग्रॅमची नोंद जुनी आणि क्लाउडमधल्या फाइल नव्या, अशी गाठ पडली की एकाच फाइलच्या दोन-दोन प्रती तयार व्हायला लागतात.

इमेज काढण्याआधी विंडोजमध्ये काय बंद करायचं

फास्ट स्टार्टअप. हे चालू असताना 'शट डाउन' केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. कर्नलची अवस्था हायबरनेशन फाइलमध्ये ठेवून झोपतं आणि एनटीएफएस अर्धवट उघडं राहतं. असं पार्टिशन घ्यायला पार्टक्लोन (क्लोनझिला या इमेज काढणाऱ्या साधनाचा आतला प्रोग्रॅम) नकार देतं, आणि उबुंटू डी ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता जोडतं. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' चालवा. यात हायबरनेशन आणि फास्ट स्टार्टअप दोन्ही जातात, आणि कित्येक जीबीची हायबरफिल फाइलही निघून जाते.

डिव्हाइस एन्क्रिप्शन. विंडोज ११ च्या २४एच२ पासून, नव्याने इन्स्टॉल करून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलं की अनेक लॅपटॉपवर हे न विचारता चालू होतं. बिटलॉकरने (विंडोजच्या एन्क्रिप्शनने) कुलूपबंद केलेलं पार्टिशन क्लोनझिलाला वाचता येत नाही. मग ते वापरलेले ब्लॉक न ओळखता सेक्टरमागून सेक्टर सगळं उचलतं, आणि एन्क्रिप्ट केलेला डेटा दाबलाही जात नाही. तीसेक जीबीची होणारी इमेज थेट १३० जीबीची होते. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद करा आणि डिक्रिप्शन संपेपर्यंत थांबा. 'मॅनेज-बीडीई -स्टेटस' ही कमांड प्रत्येक ड्राइव्हची स्थिती सांगते. सी आणि डी दोन्ही पूर्ण डिक्रिप्टेड दिसले पाहिजेत.

याचा तोटा उघड आहे: लॅपटॉप चोरीला गेला तर ग्राहकांचे हिशोब उघडे. त्यावर बरा मार्ग म्हणजे डी ड्राइव्हवर व्हेराक्रिप्टचा कंटेनर करून टॅलीचा आणि ग्राहकांचा डेटा त्यात ठेवणं. तो विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे उघडतो. इमेज ठेवलेली हार्ड डिस्कही तितकीच जपा, कारण ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड इमेजमध्येही असतातच.

शेवटी डिस्क क्लीनअप, टेम्प फाइल आणि जुन्या अपडेटचा कचरा काढून टाका. सी ड्राइव्हवर ५०-६० जीबीच वापरात राहिलं तर इमेज साधारण २५ ते ३५ जीबीत बसते.

साधन आणि प्रत्यक्ष काम

दुकानात अजूनही इमेज काढण्याला 'घोस्ट मारून देतो' म्हणतात, पण नॉर्टन घोस्टची विक्री २०१३ मध्येच थांबली, आणि मॅक्रियम रिफ्लेक्टच्या मोफत आवृत्तीचा सपोर्ट २०२४ च्या सुरुवातीला संपला. आज मोफत आणि भरवशाचं म्हणजे क्लोनझिला. काळी-निळी स्क्रीन नको असेल तर रेस्क्यूझिला घ्या; त्याच्या इमेज क्लोनझिलाच्याच पद्धतीच्या असतात, म्हणून एकात काढून दुसऱ्यात उतरवता येतात.

क्लोनझिलाचा आयएसओ रुफस किंवा व्हेंटॉयने पेन ड्राइव्हवर घ्या आणि पेन ड्राइव्ह यूईएफआय मोडमध्येच बूट करा. बूट मेनूत एकच पेन ड्राइव्ह दोनदा दिसत असेल तर 'यूईएफआय' लिहिलेली नोंद निवडायची.

डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये स्टोरेज बहुधा इंटेल आरएसटी किंवा 'रेड ऑन'वर आहे. ते सरळ एएचसीआय केलंत तर विंडोज 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणत निळ्या स्क्रीनवर जाईल. आधी विंडोजमध्ये एमएसकॉन्फिगमधून सेफ बूट लावा, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये एएचसीआय करा, विंडोज सेफ मोडमध्ये एकदा येऊ द्या, मग सेफ बूट काढा. हे पहिली इमेज काढण्याआधी करायचं, नंतर नाही.

क्लोनझिलात क्रम असा: 'डिव्हाइस-इमेज', मग 'लोकल डेव्ह'. आता बाहेरची हार्ड डिस्क जोडा, ती यादीत दिसेपर्यंत थांबा, मग इमेज ठेवायला तिचं पार्टिशन निवडा. ती एनटीएफएस किंवा ईएक्सटी४ मध्ये फॉरमॅट केलेली असावी. पुढे 'सेव्हपार्ट्स' निवडा, 'सेव्हडिस्क' नाही. यादीत स्पेसबारने पहिलं आणि तिसरं अशा दोनच पार्टिशनवर खूण करा: ईएफआय आणि आपला खण. कॉम्प्रेशनला झेडएसटीडी घ्या. जुन्या जीझिपपेक्षा वेग चांगला मिळतो. शेवटी 'काढलेली इमेज तपासायची का' असं विचारतं, तिथे हो म्हणा. पाच-सात मिनिटं जास्त जातात, जाऊ द्या.

इमेजचं नाव इंग्रजी अक्षरांत, मोकळी जागा न सोडता, तारखेसकट द्या. जुन्या नावावर नवी इमेज कधीही लिहू नका. लॅपटॉपऐवजी डेस्कटॉप संगणकावर काम करत असाल आणि इन्व्हर्टर किंवा यूपीएस नसेल, तर इमेज काढताना मध्येच वीज गेली की नवी अर्धवट राहते आणि जुनी आधीच पुसली गेलेली असते. उतरवताना वीज गेली तर एवढं बिघडत नाही. इमेज शाबूत आहे, पुन्हा उतरवायची.

आता उबुंटू. विंडोजची इमेज तपासून झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. उबुंटूच्या इन्स्टॉलरमध्ये मॅन्युअल पार्टिशनिंग घ्या. तिसरं पार्टिशन ईएक्सटी४ म्हणून फॉरमॅट करा आणि रूट म्हणून लावा. पहिलं ईएफआय म्हणून वापरा, पण फॉरमॅटची खूण काढून टाका. १०० एमबीत विंडोज आणि उबुंटू दोघांच्या बूट फाइल मावतात. बाकी पार्टिशनना हात लावायचा नाही. इथे डिस्क एन्क्रिप्शन घेतलंत तर बिटलॉकरसारखीच अडचण येऊ शकते. सगळं मनासारखं लावून झालं की उबुंटूचीही तशीच इमेज काढा.

इथून पुढे प्रत्येक अदलाबदल म्हणजे दोन कामं: आत असलेल्या सिस्टिमची ताजी इमेज, मग दुसरी 'रिस्टोअरपार्ट्स'ने उतरवणं. उतरवताना फक्त तिसऱ्या पार्टिशनवर खूण करा. पार्टिशन टेबल आहे तसंच राहतं, त्यामुळे विंडोजच्या बूट नोंदीतले पार्टिशनचे ओळख-क्रमांक जुळतात, आणि उबुंटूला हवा तो फाइलसिस्टिमचा यूयूआयडी (ओळख-क्रमांक) इमेजसोबत परत येतो. ईएफआयमध्ये दोघांच्या बूट फाइल कायम असतात. इमेजमध्ये घेतलेलं पहिलं पार्टिशन केवळ अडीअडचणीसाठी: ईएफआय खराब झालं तरच ते उतरवायचं.

'लक्ष्य' डिस्क निवडतानाचा एक क्षण मात्र सावकाशीने घ्या. आतली एसएसडी 'एनव्हीएमई०एन१' अशी दिसते, बाहेरची 'एसडीए' किंवा 'एसडीबी'. शेजारी आकार आणि मॉडेल लिहिलेलं असतं. पेन ड्राइव्ह आणि हार्ड डिस्क दोन्ही जोडलेल्या असल्या की एसडीए-एसडीबीची अदलाबदल दर बूटला होऊ शकते, म्हणून नावावर न जाता आकारावर जा. क्लोनझिला लिहिण्याआधी दोनदा 'वाय' की 'एन' विचारतं. पहिल्यांदा वाचा, दुसऱ्यांदा पुन्हा वाचा. इमेज ज्या डिस्कवर आहेत तिच्यावरच काहीतरी उतरवलं तर दोन्ही सिस्टिम एका फटक्यात जातात.

वेळेचा अंदाज: यूएसबी ३ च्या फिरत्या हार्ड डिस्कला साधारण १०० एमबी प्रति सेकंद मिळतात, म्हणजे ३० जीबीची इमेज वाचायला पाचेक मिनिटं. काढायला तितकीच किंवा थोडी जास्त, वर तपासणी. एकूण १५ ते २० मिनिटं. तीच डिस्क यूएसबी २ च्या पोर्टमध्ये लावली तर वेग तिसरा हिस्सा होतो आणि हेच काम तासाच्या घरात जातं. वेग अचानक ढासळला किंवा 'इनपुट/आउटपुट एरर' आली तर डिस्कला दोष देण्याआधी केबल बदलून बघा.

एसएसडी झिजेल का, हा प्रश्न हमखास येतो. दर वेळी ६० जीबी लिहिले आणि महिन्यातून सहा वेळा लिहिले, तर वर्षाला सव्वाचार टीबी होतात. साध्या २५० जीबीच्या एसएसडीचीही लेखनमर्यादा याच्या कित्येक पट असते. झीज हा मुद्दा नाही. पण जुन्या सिस्टिमने वापरलेले ब्लॉक रिकामे झाले हे एसएसडीला कोणी सांगितलेलं नसतं, म्हणून उतरवल्यावर एकदा ट्रिम चालवा: विंडोजमध्ये 'ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज', उबुंटूत 'सुडो एफएसट्रिम -एव्ही'. नाहीतर काही अदलाबदलींनंतर लिहिण्याचा वेग पडायला लागतो.

उतरवल्यानंतर काय बिघडतं

घड्याळ. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं, उबुंटू यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ). त्यामुळे उबुंटूनंतर विंडोज उतरवलं की घड्याळ साडेपाच तास मागे दिसतं, उलट दिशेने गेलात तर तितकंच पुढे. ही केवळ गैरसोय नाही. चुकीच्या वेळेने सरकारी पोर्टलचं लॉगिन किंवा डिजिटल सहीची पडताळणी अडते आणि माणूस टोकनचे ड्रायव्हर बदलत बसतो. उबुंटूत 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' एकदा चालवून त्याचीच इमेज काढली की प्रश्न मिटतो.

बूटचा क्रम. कोणती सिस्टिम आधी हे डिस्कवर नाही, मदरबोर्डच्या मेमरीत लिहिलेलं असतं, म्हणून ते इमेजसोबत येत नाही. खणात उबुंटू आहे आणि लॅपटॉप 'विंडोज बूट मॅनेजर'कडे गेला तर निळी रिकव्हरी स्क्रीन दिसेल. उलट असेल तर ग्रबचा (उबुंटूच्या बूटलोडरचा) नुसता प्रॉम्प्ट. घाबरू नका, काही पुसलं गेलेलं नाही. सुरू करताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप, तुमच्या कंपनीचं जे बटण असेल ते दाबून योग्य नोंद निवडा. क्लोनझिलाही उतरवताना या नोंदींना कधी कधी हात लावतं, त्यामुळे क्रम बदललेला दिसू शकतो.

पिन. विंडोजचा पिन लॅपटॉपमधल्या टीपीएम या सुरक्षेच्या चिपशी बांधलेला असतो. त्याच लॅपटॉपवर उतरवलं तर सहसा चालतो, पण मधल्या काळात बायोसमधून टीपीएम क्लिअर केलं असेल तर नाही. अकाउंटचा पासवर्ड पाठ असू द्या.

ऑफिसचं डोमेन. लॅपटॉप ॲक्टिव्ह डिरेक्टरीत असेल तर संगणकाच्या खात्याचा पासवर्ड मुळात दर ३० दिवसांनी आपोआप बदलतो. जुनी इमेज उतरवली की तिच्यातला पासवर्ड सर्व्हरशी जुळत नाही आणि 'ट्रस्ट रिलेशनशिप' तुटल्याचा संदेश येतो. मग डोमेनमधून काढून पुन्हा जोडावं लागतं, त्यासाठी लोकल ॲडमिनचा पासवर्ड हाताशी हवा.

आणि सगळ्यात चकवणारी गोष्ट: सिक्युअर बूटचे (फक्त मान्यता असलेले बूटलोडर चालू देणाऱ्या सोयीचे) नियमही मदरबोर्डच्या मेमरीत राहतात. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने जुन्या लिनक्स बूटलोडरना मनाई करणारी एसबीएटीची (बूटलोडरच्या किमान आवृत्तीच्या नोंदीची) नवी पातळी तिथे लिहिली, आणि अनेकांचं ड्युअल बूट बंद पडलं. इमेजवाल्यांना हा फटका उशिरा बसतो. विंडोज खणात असताना असं अपडेट येतं, आठवड्याने तुम्ही उबुंटूची जुनी इमेज उतरवता, आणि 'व्हेरिफाइंग शिम एसबीएटी डेटा फेल्ड: सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' एवढं दाखवून लॅपटॉप बंद होतो. इमेज पुन्हा उतरवून, दुसरी इमेज वापरून काहीच फरक पडत नाही, कारण चूक इमेजमध्ये नाहीच. बायोसमध्ये सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करा, उबुंटू सुरू करा, 'सुडो मॉकयुटिल --सेट-एसबीएटी-पॉलिसी डिलीट' चालवा, रीस्टार्ट करून पुन्हा उबुंटूत या, शिम (ग्रबच्या आधी चालणारा छोटा बूटलोडर) आणि ग्रब अपडेट करा, मग सिक्युअर बूट परत चालू करा. हे अपडेट झालेलं उबुंटू लगेच नव्या तारखेने इमेजमध्ये घ्या, आणि जुनी इमेज नवी उतरवून बघितल्यावरच पुसा.